पगारावर कोर्टाची जप्ती आली तर काय करायचं, पहिल्यांदाच या चक्रात सापडलेल्यांसाठी

मी एका कारखान्यात पगार विभागात १४ वर्षं काम करतोय, त्यामुळे कोर्टाची पत्रं पहिल्यांदा माझ्याच टेबलावर येतात. खाकी लिफाफा, वर कोर्टाचा गोल शिक्का, कधी पोस्टाने येतो कधी बेलीफ स्वतः घेऊन येतो, आत एका माणसाचं नाव, हुद्दा आणि खाली लिहिलेलं असतं की यांच्या पगारातून दरमहा अमुक रक्कम कापून कोर्टात भरा. त्या माणसाला केबिनमध्ये बोलावून हे सांगायचं काम माझं असतं आणि दरवेळी समोरचा एकच वाक्य बोलतो, "साहेब, एवढा महिना थांबवा ना." मला थांबवता येत नाही. कंपनीने हुकूम पाळला नाही तर ते पैसे कंपनीकडूनच वसूल होतात. पण कायद्याने त्या माणसाला स्वतःला बरंच काही करता येतं, फक्त ते वेळेत आणि लेखी करावं लागतं, आणि हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहितोय. हे भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या नोकरदारांसाठी आहे.

सगळ्यात आधी बघा की पत्र नक्की कोणाचं आहे

घाबरायच्या आधी कागद हातात घेऊन नीट वाचा, कारण निम्म्या वेळा ती जप्ती नसतेच. वकिलाची नोटीस म्हणजे जप्ती नाही. रिकव्हरी एजंटने एचआरला केलेला मेल, व्हॉट्सअॅपवर आलेला "सॅलरी अटॅचमेंट"चा फोटो, बँकेच्या लेटरहेडवरची धमकी, यातल्या कशावरही कंपनी तुमचा पगार कापू शकत नाही. पर्सनल लोनचे हप्ते थकले म्हणून बँकेने थेट कंपनीला कळवलं आणि कंपनीने पगार अडवला असं कायद्यात बसत नाही, आधी दावा लागतो, मग हुकूमनामा म्हणजे डिक्री, मग त्याच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज ज्याला आपल्याकडच्या कोर्टात दरखास्त म्हणतात, आणि त्या दरखास्तीत कोर्टाने पगार जप्तीचा हुकूम काढला तरच कपात सुरू होते.

खरा हुकूम असेल तर त्यावर कोर्टाचं नाव, दरखास्त नंबर, मूळ दाव्याचा नंबर, रक्कम आणि शिक्का असतो. खाजगी नोकरी असेल तर बहुतेक वेळा "आदेश २१ नियम ४८-अ" असा उल्लेख असतो, सरकारी, रेल्वे किंवा नगरपालिका-झेडपीवाल्यांसाठी "नियम ४८". हा नंबर ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकून बघा, केस खरी आहे की नाही, पुढची तारीख कधी आहे, कोणत्या न्यायाधीशांपुढे आहे सगळं दिसतं. केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर तिथे मिळतो तो लिहून ठेवा, पुढे प्रत्येक कामाला तोच लागणार.

दोन अपवाद आहेत जिथे कोर्टाचा हुकूम नसताना पैसे जाऊ शकतात. एक पगारदारांची पतसंस्था, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकतात. दुसरं म्हणजे ज्या बँकेचं लोन त्याच बँकेत सॅलरी अकाउंट, तिथे बँक थकलेले हप्ते खात्यातून वळते करून घेते. ही जप्ती नाही, पण महिन्याच्या १ तारखेला खातं रिकामं दिसतं तेव्हा माणसाला फरक काय पडतो! लोनच्या करारात पगार त्याच बँकेत घ्यायची अट नसेल तर एचआरला अर्ज देऊन पगार दुसऱ्या बँकेत घेणं पूर्णपणे कायदेशीर आहे.

कायदा किती पगार कापू देतो, हा हिशोब पाठ करा

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६०. हे एक कलम लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. म्हणजे पगार २५,००० असेल तर १,००० बाजूला, राहिले २४,०००, त्याचा एक तृतीयांश म्हणजे ८,०००, इतकंच कापता येतं आणि १७,००० तुमच्या हातात आलेच पाहिजेत. पगार ४०,००० असेल तर १३,००० कापले जातील, २७,००० राहतील. त्या १,००० ला आजच्या महागाईत काही अर्थ उरलेला नाही, २००२ च्या जुलैपासून तोच आकडा चालू आहे, तो वाढायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण दोन तृतीयांशचं संरक्षण खूप मोठं आहे.

आमच्याकडे एका ऑपरेटरचा हुकूम आला त्यात सरळ दरमहा १२,५०० कापा असं लिहिलं होतं, पगार त्याचा २५,०००. कोर्टाने मुद्दाम केलं असं नाही, समोरच्या वकिलाने दरखास्तीत आकडा टाकला, आमचा माणूस हजरच नव्हता, तो आकडा तसाच हुकमात आला. पहिला महिना कापावेच लागले. मग त्याने सॅलरी स्लिप लावून एका पानाचा अर्ज दिला, पुढच्या तारखेला रक्कम ८,००० वर आली. कोर्ट तुमची सॅलरी स्लिप बघितल्याशिवाय आपोआप हिशोब करत बसत नाही, तो तुम्ही करून द्यायचा.

पोटगीचा हुकूम असेल तर गणित उलटं आहे, तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश वाचतो, दोन तृतीयांशपर्यंत जप्ती होऊ शकते. बायकोमुलांचा खर्च आहे तो, कायद्याने तिथे मुद्दाम कमी सूट ठेवलीय. खालचे बरेचसे मार्ग त्याला लागू पडत नाहीत.

आता २४ महिन्यांची गोष्ट, जी मी पगार विभागात आल्यावर सुद्धा कितीतरी वर्षं मला माहीत नव्हती. एकाच हुकूमनाम्यासाठी पगारावर एकूण २४ महिने जप्ती झाली, सलग असो किंवा मधे मधे थांबून, की त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा मोकळा होतो. कर्ज फिटलं असा त्याचा अर्थ नाही, बाकी रक्कम ते दुसऱ्या मार्गाने मागू शकतात, पण पगाराला हात लावता येत नाही. दुसऱ्या कोणाचा हुकूमनामा असेल तरी २४ महिने पूर्ण झाल्यावर मधे १२ महिन्यांची मोकळीक मिळते. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मोजायची सोय नसते, कपात चालूच राहते, म्हणून ज्या महिन्यात पहिली कपात झाली ती सॅलरी स्लिप जपून ठेवा आणि २४ व्या महिन्याच्या स्लिपसोबत कोर्टात अर्ज करा. आणि एकाच वेळी दोन हुकूम आले तर? तर दोन्ही एकावर एक चढवता येत नाहीत. कापता येण्याजोगा हिस्सा आधीच एका कोर्टाकडे जात असेल तर कंपनीने दुसरा हुकूम आधीच्या जप्तीचा तपशील लिहून त्या कोर्टाला परत पाठवायचा असतो, हे नियमातच आहे. तुमच्या पेरोलवाल्याला माहीत नसेल तर त्याला सांगा.

मजूर आणि घरकामगार यांची मजुरी मात्र कलम ६० खाली पूर्णच वाचलेली आहे, एक रुपया कापता येत नाही. तुम्ही हमाली, लोडिंग, खुदाई अशी अंगमेहनतीची कामं करत असाल तर हा मुद्दा पहिल्याच अर्जात घ्या. तसंच पीएफ, पीपीएफ, ग्रॅच्युइटी आणि आयुर्विम्याचे पैसे यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. "पीएफ काढून भरतो की नाही" असा दम देणाऱ्या एजंटला तिथे काहीच करता येत नाही.

अजून एक. लोन घेताना तुम्ही कुठल्या तरी फॉर्मवर "मी पगार जप्तीची कायदेशीर सूट सोडून देत आहे" अशी सही केली असेल तर ती सही रद्दबातल आहे. कलम ६० मध्येच १-अ म्हणून तसं लिहिलंय. त्यामुळे सही केलीय आता काय बोलणार म्हणून गप्प बसू नका.

मग कोर्टात जायचं, पण कशासाठी ते ठरवून

पहिलं काम नक्कल काढायचं. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन हुकूमनामा, दरखास्त आणि मूळ दाव्यातला समन्स बजावणीचा अहवाल या तीन गोष्टींच्या नकला मागा. समन्सचा अहवाल का ते सांगतो. बहुतेकांना दावा चालला होता हेच माहीत नसतं, कारण समन्स जुन्या भाड्याच्या खोलीवर गेलेलं असतं, बेलीफने "घर बंद" लिहून दाराला चिकटवलेलं असतं आणि पुढे दावा एकतर्फी झालेला असतो. आमच्या त्याच ऑपरेटरचं असंच झालं होतं, ज्या पत्त्यावर समन्स डकवलं ती खोली त्याने ३ वर्षांपूर्वी सोडली होती, नव्या घराचा भाडेकरार आणि गॅसचं कार्ड दोन्ही होतं त्याच्याकडे.

अशा वेळी एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, आदेश ९ नियम १३. मुदत ३० दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे ३० दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून धरतात. म्हणून एचआरने ज्या दिवशी पत्र दाखवलं ती तारीख लिहून ठेवा, पोच घ्या, ती तारीखच तुमची माहिती झाल्याची तारीख असते. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडतात पण मग प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं. पण एक खरं सांगतो, नुसती समन्सच्या बजावणीत तांत्रिक चूक होती म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही, तुम्हाला तारखेची माहिती होती असं कोर्टाला दिसलं तर अर्ज फेटाळतात. आणि अर्ज मंजूर करताना कोर्ट बऱ्याचदा काही रक्कम भरायला लावतं, त्याची तयारी ठेवा. या अर्जासोबतच दरखास्तीला स्थगिती मागणारा वेगळा अर्ज द्यायचा, नाहीतर इकडे अर्ज चालू आणि तिकडे कपातही चालू.

दावा एकतर्फी नव्हता, तुम्ही हजर होतात आणि निकाल विरोधात गेला, तर अपील. जिल्हा कोर्टात ३० दिवसांत. फक्त अपील केल्याने वसुली थांबत नाही, स्टे मागावा लागतो, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्टे पाहिजे तर बहुतेक वेळा रकमेचा काही भाग कोर्टात भरा किंवा तारण द्या असं सांगतात.

हुकूमनामा बरोबर आहे, पैसे देणं आहे हे मान्य आहे, पण वसुलीच चुकीची चाललीय असं असेल तर दरखास्त चालवणाऱ्या कोर्टातच कलम ४७ खाली हरकत घ्यायची. हरकतीत काय काय येतं? एक, कलम ६० पेक्षा जास्त कपात. दोन, हिशोब चुकीचा, म्हणजे हुकूमनाम्यात ६ टक्के व्याज लिहिलंय आणि दरखास्तीत १८ टक्क्यांनी मोजलंय, हे खरंच होतं, नकला शेजारी शेजारी ठेवून कॅल्क्युलेटर घेऊन बसा. तीन, हुकूमनाम्यानंतर १२ वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त दाखल केली असेल तर ती मुदतबाह्य. चार, २ वर्षांपेक्षा जुन्या हुकूमनाम्यात जप्तीआधी तुम्हाला नोटीस द्यायला हवी ती दिलेली नाही. पाच, पैसे आधीच भरलेत.

हा पाचवा मुद्दा आला की माझा जीव वरखाली होतो. कोर्टाबाहेर पैसे भरले तर ते कोर्टात नोंदवावे लागतात, ऋणकोने म्हणजे तुम्ही ३० दिवसांच्या आत तसा अर्ज करायचा असतो, आणि नोंद नसलेले पैसे दरखास्त कोर्ट धरतच नाही. आमच्या एका फिटरने हुकूमनाम्यानंतर वसुलीवाल्याला चार वेळा मिळून ६०,००० रोख दिले होते, साध्या कागदावर सही घेतली होती, दरखास्तीत त्यातला एक पैसा वजा नव्हता. हुकूमनामा झाल्यावर पैसे द्यायचे तर कोर्टात भरा, किंवा बँकेतून द्या आणि लगेच समोरच्याकडून मिळाल्याची पुरसिस म्हणजे लेखी कबुली कोर्टात दाखल करून घ्या. रोख कोणाला देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

अर्ज कसा दिसतो याची लोकांना उगाच भीती वाटते. कलम ६० चा अर्ज एवढाच असतो:

"मा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे कोर्टात. रेग्युलर दरखास्त नंबर अमुक. ऋणकोचा अर्ज असा की, ऋणको हा अमुक कंपनीत नोकरीस असून त्याचा दरमहा एकूण पगार २५,००० रुपये आहे. दिनांक अमुकच्या हुकमाने दरमहा १२,५०० रुपये कपात चालू आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ६० प्रमाणे जास्तीत जास्त ८,००० रुपये कपात करता येते. सबब, सदर हुकमात दुरुस्ती व्हावी व तसे पत्र कंपनीस जावे ही विनंती."

खाली सही, सोबत प्रतिज्ञापत्र, मागच्या ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिप, हुकमाची प्रत. "तसे पत्र कंपनीस जावे" हे वाक्य विसरू नका, कारण न्यायाधीशांनी रक्कम कमी केली तरी ते पत्र आमच्याकडे पोचेपर्यंत आम्ही जुनीच रक्कम कापत राहतो. शक्य असेल तर कोर्टाकडून ते पत्र हातबटवड्याने म्हणजे पोस्टाऐवजी हातोहात घेऊन स्वतः पेरोलला आणून द्या, तेवढाच एक महिना वाचतो.

हप्ते बांधून घेणे

दावा अजून चालू असेल, निकाल लागायचा असेल, तर हप्ते मागायची खरी वेळ तीच. निकाल देताना कोर्ट पुरेसं कारण दिसलं तर स्वतःच हप्ते पाडून देऊ शकतं. निकालानंतर मात्र हप्त्यासाठी समोरच्याची संमती लागते आणि अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस आहे. म्हणून दावा मान्य असेल तर तारखा चुकवू नका, हजर राहा, घरभाडं, शाळेची फी, आईवडिलांची औषधं यांचे कागद लावा आणि सांगा की दरमहा एवढे देऊ शकतो.

लोक अदालतीतही तडजोड होते आणि बँका तिथे व्याजात बरीच सूट देतात. पण तिथे झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे खोलीतल्या गर्दीत, समोरच्या मॅनेजरच्या गोड बोलण्यावर, झेपणार नाही असा हप्ता लिहून सही करू नका. जेवढं खरंच भरू शकता तेवढंच कबूल करा.

पतसंस्था आणि जामीनदार

हा विषय आपल्याकडचा, आणि सगळ्यात जास्त रडणारी माणसं मी इथेच पाहिलीत. पगारदारांच्या सोसायटीचं कर्ज घेताना सभासद एक करार करून देतो की माझ्या पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यावा, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे. हा करार असेल तर कंपनीला संस्थेच्या मागणीनुसार कापावंच लागतं, इथे कोर्टाचा हुकूम लागत नाही आणि कलम ६० चा अर्जही चालत नाही कारण ही जप्तीच नाही, तुम्ही स्वतः लिहून दिलंय. तुम्ही बघायचं ते एवढंच की करारात रक्कम किती लिहिलीय, करार खरंच तुमचा आहे का आणि मागणी कराराबाहेर जातेय का. सभासद म्हणून संस्थेकडे कर्जाचा खातेउतारा आणि कराराची प्रत लेखी मागा. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत ही वेतन संहिता २०१९ ची मर्यादा आहे, तीन तीन संस्थांची कपात चालू असलेल्या माणसाने हा मुद्दा एचआरला लेखी द्यावा.

तुम्ही कर्जदार नसून जामीनदार असाल तर बऱ्याचदा त्याच कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येतो. त्यासाठी संस्था उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडे अर्ज करते, तिथून तुम्हाला नोटीस येते, आणि माणसं ती नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतात कारण "कर्ज माझं नाही, तो भरेल." कृपा करून असं करू नका. त्या सुनावणीला जा, लेखी म्हणणं द्या, सही माझी नाही, रक्कम चुकलीय, कर्जदाराने एवढे हप्ते भरलेत ते वजा नाहीत, जे काय असेल ते तिथेच मांडा, कारण दाखला निघाला की त्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी अर्ज करायला २ महिने मिळतात आणि त्यासाठी वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ४ लाखांचा दाखला असेल तर २ लाख कुठून आणणार? सुनावणीच्या दिवशी अर्धा दिवस रजा काढणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

"आधी कर्जदाराकडून वसूल करा मगच माझ्याकडे या" हे जामीनदाराचं म्हणणं कायद्यात टिकत नाही, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण तुम्ही जे भराल ते कर्जदाराकडून परत मागायचा हक्क तुम्हाला भारतीय करार कायद्याने आहे, भरल्यापासून ३ वर्षांत दावा करायचा. प्रत्येक कपातीची स्लिप आणि संस्थेची पावती एका फाइलला लावत जा.

लवाद आणि डीआरटी, थोडक्यात

फायनान्स कंपन्या आजकाल दावा न करता लवादाकडे म्हणजे कराराप्रमाणे नेमलेल्या खाजगी पंचाकडे जातात, नोटीस ईमेलवर येते, स्पॅममध्ये पडते, आणि एके दिवशी निवाडा हातात. निवाडा मिळाल्यापासून ३ महिन्यांत लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात आव्हान देता येतं, कोर्टाला पटलं तर आणखी फक्त ३० दिवस, त्यापुढे काहीच नाही. स्टे वेगळा मागायचा. लवाद कंपनीनेच एकतर्फी नेमलेला असेल तर तो मोठा मुद्दा आहे, ज्याचा निकालात स्वार्थ आहे तो एकटा लवाद नेमू शकत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलंय. आणि निवाडा असला तरी वसुली हुकूमनाम्यासारखीच होते, म्हणजे कलम ६० ची सूट तिथेही आहे.

बँकेची थकबाकी २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकरण डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं. तिथल्या वसुली अधिकाऱ्याच्या हुकमावर ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. इथे मात्र वकील लावाच.

तारीख गेलीय, मुदत गेलीय, पैसेही नाहीत

सगळ्या बाजूंनी कर्जं झाली असतील, चार-पाच लोकांचे हुकूमनामे असतील आणि पगारातून ती या जन्मात फिटणार नाहीत असं दिसत असेल तर दिवाळखोरीचा अर्ज हा मार्ग आहे. मुंबईत १९०९ च्या कायद्याखाली हायकोर्टात, बाकी महाराष्ट्रात १९२० च्या कायद्याखाली जिल्हा पातळीवर. कोर्टाने दिवाळखोर जाहीर केलं की धनको म्हणजे ज्यांचं देणं आहे ते लोक कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्या मालमत्तेमागे लागू शकत नाहीत. बदल्यात तुमची सूट नसलेली मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, सगळा हिशोब खरा द्यावा लागतो, काही लपवलं तर गुन्हा होतो. हे सहज घ्यायचं पाऊल नाही पण लाज वाटायचंही नाही.

तुरुंगाची भीती घालतात त्याबद्दल. पैशाच्या हुकूमनाम्यात महिलेला अटक करता येत नाही, आणि ज्याच्याकडे खरोखरच देण्याची ऐपत नाही त्याला नुसतं देणं थकलं म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच हे स्पष्ट केलंय. चेक बाउन्सची केस मात्र वेगळी, ती फौजदारी असते, तिच्या तारखेला जायचंच.

रिकव्हरी एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला, ऑफिसात येऊन तमाशा केला, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. याने जप्ती थांबत नाही पण झोप लागते.

वकिलाला पैसे नाहीत हे कारण मी रोज ऐकतो. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. कारखान्यातला कामगार यात बसतो, हे आमच्या ऑपरेटरला मीच सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नव्हता. १५१०० नंबरवर फोन करून विचारलं तरी चालतं.

नोकरी सोडून पळायचा विचार करणारेही येतात माझ्याकडे. त्यांना मी पाणी देतो आणि बसवतो. नवीन नोकरी लागली की नवीन कंपनीला नवीन हुकूम जातो, व्याज मधल्या काळात चालूच असतं, आणि २४ महिने पूर्ण व्हायला तेवढाच उशीर होतो.

शेवटचा हप्ता कापला गेला की पैसे फिटले असं समजून घरी बसू नका. समोरच्या वकिलाकडून पूर्ण वसुलीची पुरसिस दरखास्तीत दाखल करून घ्या, दरखास्त निकाली निघाल्याच्या हुकमाची नक्कल काढा आणि जप्ती उठवल्याचं कोर्टाचं पत्र पेरोलला पोचलं का ते स्वतः येऊन विचारा, महिन्याच्या २० तारखेच्या आत आलात तर बरं, त्यानंतर बहुतेक ठिकाणी पगार लॉक होतो. पुढच्या महिन्याच्या स्लिपवर "कोर्ट अटॅचमेंट"ची ओळ गेलीय का ते बघा. राहिली असेल तर त्याच दिवशी या, पुढच्या महिन्याची वाट बघू नका, कारण एकदा कोर्टात भरलेले जादा पैसे परत काढायला पुन्हा एक अर्ज आणि पुन्हा तारीख लागते.